तिसऱ्या रांगेच्या वाट्या

वाचायचा चष्मा कामावर विसरला होता म्हणून मी त्या दिवशी साडेसहालाच प्राणिगृहात शिरलो. एरवी माझी वेळ सातची, आणि सात म्हणजे सात. मी पोहोचे तेव्हा छत्तीस पिंजऱ्यांपुढच्या छत्तीस वाट्या घासून, पुसून, उपड्या मांडलेल्या असत. मी काट्यावर एकशेवीस ग्रॅम खाद्य तोलून एकेक वाटी भरत जाई. त्या दिवशी दार ढकलले तर कप्तान तिसऱ्या रांगेपुढे वाकलेला दिसला. कप्तान म्हणजे आमचे ससे सांभाळणारा. पन्नाशीचा गृहस्थ, घरातदारात डोक्यावरची टोपी काढत नाही म्हणून हे नाव. त्याच्या हातात निळी बादली होती. तो वाटी उचली, बादलीत उपडी करी, बुडाला दोन टिचक्या मारी आणि पुढच्या वाटीकडे सरके. खाद्याच्या गोळ्या बादलीत पडताना कौलांवर गारा पडाव्यात तसा आवाज होत होता. चार वर्षे मी त्या खोलीत रोज येत होतो आणि हा आवाज मी कधीही ऐकला नव्हता.

"हे काय आहे?"

"काय असणार साहेब? उरलेलं."

"किती उरतं?"

"पहिल्या रांगेचं काही नाही. दुसरीचं चमचाभर. ही तिसरी रांग म्हणजे माझ्या सासुरवाडीचे पाहुणे. निम्मं पानात टाकणारच." तो हसला. "कडू आहे ना. नाक लावतात, मान फिरवतात. अगदीच पोटात कावळे ओरडले की खातात चार दाणे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं की. गेल्या साली अर्क मिसळला त्याच आठवड्यात म्हटलं, साहेब, हे कडूजहर आहे. तर तुम्ही म्हणालात, तुला कुणी चाखायला सांगितलं? मॅडमपण हसल्या." त्याने भिंतीकडे बोट केले. "आणि कागद तुमचाच आहे. सातच्या आत वाट्या रिकाम्या आणि कोरड्या. एक दिवस तरी ओली वाटी मिळाली का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. मिळाली नव्हती.

भिंतीवरचा कागद खरोखरच माझ्या अक्षरातला होता. गेल्या वर्षीच्या प्रयोगाच्या सुरुवातीच्या आठवड्यात, म्हणजे अर्क द्यायला अजून अवकाश असताना, सशांना नव्या जागेची सवय व्हावी म्हणून सगळ्यांना साधे खाद्य दिले जात होते, तेव्हा मी वहीत दोन रकाने आखले होते: दिलेले आणि उरलेले. सात दिवस उरलेल्याच्या रकान्यात शून्य, शून्य, दोन, शून्य असे येत राहिले. आठव्या दिवशी मी नवे पान आखले आणि तो रकाना गाळला. निरुपयोगी रकाना म्हणजे चुकीला दिलेले निमंत्रण, असे मी आमच्या प्रमुख मॅडमना सांगितल्याचेही मला स्पष्ट आठवत होते. त्यानंतर पहिल्या रांगेला साधे खाद्य सुरू झाले, दुसऱ्या रांगेला चरबी घातलेले, आणि तिसऱ्या रांगेला तेच चरबीचे खाद्य अधिक पानांचा अर्क. बारा आठवड्यांनी सशांच्या हृदयातून निघणारी मोठी रोहिणी उभी चिरून, पसरून, चरबीला धरणाऱ्या लाल रंगात बुडवायचे काम माझे. दुसऱ्या रांगेच्या रोहिण्या तांबारलेल्या निघाल्या होत्या, निम्म्या लाल, आतून खरबरीत. तिसऱ्या रांगेच्या मात्र जवळजवळ पांढऱ्या; बोटाच्या पेराएवढे डाग. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना खिडकीपाशी बोलावून त्या रोहिण्यांची बशी उजेडात धरली होती, आणि खात्रीसाठी तोच प्रयोग नव्या छत्तीस सशांवर पुन्हा सुरू करायला सांगितला होता. सशांची वजनेही घटली होती. वजनही आटोक्यात येते, असे आम्ही आनंदाने लिहिले. मी लिहिले. तो आकडा चार महिने माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि तो काय म्हणतो आहे हे मला ऐकू आले नाही.

माझ्या कानांत बारीक शीळ वाजू लागली. अशा वेळी माणसे बसतात. मी काटा सुरू केला. कप्तानच्या हातातली वाटी घेऊन त्यातले खाद्य तोलले: बावन्न. पुढच्या वाटीचे एकसष्ट. पुढच्या वाटीचे सत्तेचाळीस. कप्तान टोपी मागे सरकवून बघत होता. "साहेब, काही चुकलं का माझं?" त्याने विचारले, आणि त्याच्या आवाजातली भीती ऐकून मला त्याही स्थितीत लाज वाटली. "तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो. चुकले नव्हतेच. तंत्रनिकेतनात आम्हाला यंत्रचित्र शिकवणारे मास्तर एकाच बोल्टचे चित्र सात वेळा काढायला लावीत आणि सातव्या वेळी म्हणत, जे मोजलं नाही ते तुम्हाला माहीत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. मी ते पन्नास वर्षे लक्षात ठेवले होते. निवृत्तीनंतर या संस्थेने मला बोलावून घेतले ते त्याच एका गुणासाठी. आणि या पन्नास वर्षांत, जे उरले नाही असे एकदा ठरवले ते पुन्हा मोजून बघावे, असे माझ्या मनात एकदाही आले नव्हते. अर्धपोटी ससा. चरबीचे खाद्य निम्मेच पोटात गेलेला ससा. त्याच्या रोहिणीत चरबी साचणार कुठून? त्याला पाने काय, भुसा मिसळून दिला असता तरी हेच झाले असते.

आणि मग, हे सगळे इतक्या नीट, टप्प्याटप्प्याने मनात उतरल्यावर, सर्वांत शेवटी ताई आठवली. सर्वांत शेवटी. तिचा क्रम पहिला असायला हवा होता हे मला तेव्हाही कळले.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि त्यानंतर माझ्या चड्डीची नाडी बांधण्यापासून माझ्या प्रवेश अर्जावर वडिलांची सही मिळवण्यापर्यंत सगळे तिने केले. वडिलांना मी कारकून व्हायला हवा होतो. "त्याला हाताचं कळतं, त्याला हाताचंच शिकू दे," असे ती त्यांना ताटावर म्हणाली, आणि वडिलांनी घास खाली ठेवला, तरी ती डगमगली नाही. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. तेहेतीस वर्षे कानाला यंत्र लावून, दोन माणसांना जोडून देऊन स्वतः बाजूला होण्याचे काम. बसून काम, कँटीनमधले तळलेले, सोबतिणींनी डब्यातून आणलेले लोण्याचे आणि साखरेचे. "आमच्या खोलीत वजनाचा काटा आणला तर तोच राजीनामा देईल," असे ती म्हणायची. सत्तरी उलटल्यावर जिन्यात छाती भरून येऊ लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले: एक रोहिणी पाऊण बुजलेली, दुसरी अर्धी. दोन गोळ्या दिल्या, एक चरबी उतरवणारी, एक रक्त पातळ ठेवणारी, आणि आत जाळीची नळी बसवायला तारीख दिली. चरबीच्या गोळीने तिच्या मांड्या दुखू लागल्या. एका रविवारी ती पाय चोळत बसली होती आणि माझ्या खिशात त्या दोन रोहिण्यांचा फोटो होता, लाल आणि पांढरी. तो मी तिला का दाखवला? मी आजही याचे उत्तर व्यवस्थित मांडू शकत नाही. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "अरे, हे तू केलंस?" त्या वाक्यातल्या 'तू'साठी, असे उत्तर मी हल्ली स्वतःला देतो. त्या आठवड्यात मी संस्थेतून अर्काची तपकिरी पूड घरी नेली. हे नियमाबाहेर होते. सशाच्या वजनावरून तिच्या वजनाचा हिशेब करून पुड्या बांधल्या, तिच्यासाठी तक्ता आखला: पुडी, रक्तदाब, वजन. पहिल्या मसुद्यात गोळ्यांचाही रकाना होता. "आता या कशाला?" असे तिने विचारल्यावर मी पट्टी ठेवून त्यावर आडवी रेघ मारली. "बारा आठवडे बघू," मी म्हणालो. "नळीची तारीख पुढे ढकल." त्या गोष्टीला त्या सकाळी अठ्ठ्याहत्तर दिवस झाले होते.

मॅडम पावणेआठला आल्या. वयाने पंचावन्नच्या, पण मला काका म्हणत. मी काट्याशेजारी आकड्यांचा कागद ठेवला आणि जे पाहिले ते सांगितले. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली नाही. कागद वाचला, बादलीत पाहिले, परत कागद वाचला.

"गेल्या वर्षीच्या वेळीसुद्धा?"

"गेल्या वर्षीसुद्धा."

"म्हणजे या झाडात काही नाही, असं नाही होत काका."

"नाही होत. पण आहे, असंही आता म्हणता येत नाही. दुसऱ्या रांगेला मोजून तेवढंच कमी द्यायला हवं होतं. मग कळलं असतं."

"हे मला सुचायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी इथली प्रमुख आहे." मग त्या एकदम हसल्या, न हसल्यासारख्या. "परवा मी मुलाखतीत काय काय बोलून बसले! बरं झालं, निदान कुणा माणसाला अजून दिलं नाही."

मी त्यांच्याकडे न बघता काटा बंद केला. मॅडमनी पिशवी खाली ठेवली.

"काका?"

"माझी बहीण घेते."

"काय घेते?"

"अर्क. अठ्ठ्याहत्तर दिवस."

"पण तिच्या नेहमीच्या गोळ्या चालू आहेत ना? काका, गोळ्या चालू आहेत ना?"

त्यांच्या मागे पिंजऱ्यात एक ससा पाण्याच्या नळीला दाताने टकटक करत होता. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "इथे उभे काय राहिलात? जा!"

फाटकाशी येऊन मी ताईला फोन लावला. तिने कधीही दुसऱ्या घंटीच्या पुढे फोन वाजू दिलेला नव्हता. तेहेतीस वर्षांची सवय. मी घंट्या मोजत होतो, कारण मला दुसरे काही येत नाही. अकराव्या घंटीला तिने उचलला.

"काय रे, आज वार चुकला का?"

"ताई, त्या गोळ्या घरात आहेत?"

"कुठल्या? त्या होय? कधीच टाकल्या. तूच रेघ मारलीस ना." वाक्यांच्या मध्ये ती थांबत होती. "का रे?"

"मी येतोय. जिना उतरू नकोस."

"मी कशाला उतरतेय," ती म्हणाली.

रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आले की चष्मा मी याही वेळी विसरलो आहे. दुकानांच्या पाट्या, माणसांचे चेहरे जवळून सरकत होते आणि एकही वाचता येत नव्हता. खरे तर लांबचे मला नीट दिसते; म्हणजे हे डोळ्यांचे नव्हते. चौकात एक बाई मुलाच्या हातातून काही खायचे हिसकावून घेत होती आणि मूल उघड्या तोंडाने, पण आवाज न करता रडत होते. किंवा आवाज असेल. मी रविवार एकेक करून आठवू लागलो. तीन रविवारांपूर्वी ताई दार उघडायला उशिरा आली होती; मी घड्याळ पाहिले होते, आणि काही विचारले नव्हते. दोन रविवारांपूर्वी तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी वजन लिहिले: चार किलो घट. तिच्याकडे बघून समाधानाने मान हलवली. मला तेव्हा झालेला आनंद, अगदी शुद्ध, शास्त्रीय आनंद, त्या रिक्षात पुन्हा छातीत उमटला आणि मी डोके पुढच्या दांडीवर टेकवले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. "काका, बाजूला घेऊ का?" "नको," मी म्हणालो, "जोरात चल." त्याने जोरात घेतली.

ताईने दार उघडले आणि लगेच दाराजवळच्या स्टुलावर बसली. ते स्टूल पूर्वी तिथे नसे. तिच्या ओठांचा रंग अर्धवट पुसलेल्या पाटीसारखा होता.

"ये मोजपट्टी," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला हेच म्हणते. "तोंड का असं? नोकरी गेली का? या वयात चांगलंच आहे म्हणा."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितले. नीट सांगितले, पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग, वाट्या, बादली. तिला प्रत्येक पायरी कळली आहे ना हे पाहत गेलो. ऐकताना तिचा चेहरा एक्स्चेंजमध्ये असताना व्हायचा तसा झाला होता, लांबचा, नेमका.

"म्हणजे ससे उपाशी होते," ती म्हणाली.

"हो."

"औषधाचा संबंध नाही."

"असेलही. माहीत नाही. मला माहीत नाही, ताई."

"मलाही जेवण जात नाही रे. ती पुडी घेतली की दिवसभर तोंड कडू. अर्धी पोळी नको होते. मी म्हटलं, औषध लागू पडतंय." तिने पदराने वरचा ओठ टिपला, खोलीत गारवा होता आणि तिला घाम आला होता. "मग हे दुखतं ते कसलं?"

"काय दुखतं?"

"इथे. जिना चढताना आधी. तीन आठवडे झाले. मग बसल्याबसल्याही. गेल्या मंगळवारी तर जबड्यापर्यंत कळ गेली, डावा हात माझा नाहीच असं वाटलं. तासभर तशीच पडून होते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" ती रागाने म्हणाली नाही, माहिती दिल्यासारखे म्हणाली. "तू येतोस, पुडी घेतली का विचारतोस, पट्टा बांधून रक्तदाब घेतोस, काट्यावर उभी करतोस, लिहितोस. लिहिताना तुझा चेहरा कसा होतो तुला ठाऊक नाही. पहिल्या नंबराने आला होतास तेव्हा झाला होता तसा. मी म्हटलं, बारा आठवडे होऊ देत. सहा दिवसांनी काय बिघडतंय? तुझं सगळं नीट जमून आलंय, त्यात माझं एक दुखणं कशाला घालू?"

मी उठून शेजारचे दार वाजवले. शेजारच्या बाईंनी गाडी बोलावली, त्यांच्या जावयाने आणि मी खुर्चीत बसवून तिला खाली आणले. तिसऱ्या मजल्यावरून खाली येताना ती एकदाच बोलली: "हळू रे, खुर्ची शेजाऱ्यांची आहे."

इस्पितळात तिच्या छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. तातडीच्या कक्षातल्या डॉक्टर पस्तिशीच्या असाव्यात, केस घट्ट बांधलेले, पेन कानामागे. त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी ताणून धरली, तेवढ्यात मलाही दिसली. रेघ वाचायचे माझे काम नाही, पण सरळ जायला हवी तिथे ती खचलेली आहे हे कुणालाही दिसले असते.

"आजी, तुम्हाला एक झटका येऊन गेलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आठवडाभरापूर्वी असावा. हृदयाचा तेवढा भाग गेला. तो परत नाही यायचा. आता उरलाय तो वाचवायचा." मग त्यांनी जुनी कागदपत्रे चाळली. "तुम्हाला दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या घेत होतात?"

"विसरायचे मी अधूनमधून," ताई म्हणाली. "वय झालं."

तिच्या आवाजात अडखळ नव्हती. असेच तिने वडिलांना सांगितले होते, की मी फोडलेली बाटली तिच्या हातून पडली. असेच शेजाऱ्यांना, शाळेला, पुढे माझ्या बायकोलासुद्धा. ती जोडून द्यायची आणि बाजूला व्हायची, आणि मी आयुष्यभर बोलत राहिलो होतो. डॉक्टरांनी कानामागचे पेन काढले आणि 'विसरते' असे लिहायला घेतले. मला ते अक्षर उलटे आणि पुसट दिसत होते.

"त्या विसरत नाहीत," मी म्हणालो. "अठ्ठ्याहत्तर दिवस एकही गोळी घेतलेली नाही. मी बंद करायला लावल्या. नळीची तारीखही मीच पुढे ढकलायला लावली."

पेन थांबले. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

"आम्ही सशांवर एका पानाचा अर्क तपासत होतो. त्यांच्या रोहिण्या स्वच्छ निघाल्या. मला वाटलं..." मला काय वाटले ते त्या खोलीत, त्या उजेडात, पूर्ण वाक्यात सांगता येण्यासारखे नव्हते. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला धरायला काही मिळाले असते. त्या फक्त थक्क झाल्या होत्या, साध्या माणसासारख्या.

ताईने डोळे मिटले होते ते उघडले. ती माझ्याकडे पाहील असे मला वाटले, मी वाकलोही. तिने मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि तो तिचा एक्स्चेंजमधला आवाज होता, ओळख न दाखवणारा, "यापुढे काय करायचं, काय नाही, ते मला सांगा. मला कळतं. त्याला विचारू नका."

डॉक्टरांनी मान हलवली, माझ्या शेजारची खुर्ची उचलून तिच्या उशाशी नेली, आणि बसता बसता हात लांब करून पडदा ओढून घेतला.